डीबीटी : रीलमधली युक्ती आणि वर्षभराचे उपचार

निशिगंध (धागाकर्ती)

पॅनिकच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं, "डीबीटी म्हणजे तोंड गार पाण्यात बुडवायचं, तेच ना?" तिथे फाटे फुटायला नकोत म्हणून हा वेगळा धागा. गार पाणी त्यात आहे, पण ते चार कौशल्यगटांपैकी एका गटातल्या एका कौशल्याचा पाव हिस्सा आहे. रील बघून तेवढंच उचललं की दोनदा उपयोग होतो, तिसऱ्यांदा होत नाही, आणि "डीबीटी करून पाहिली, मला लागू पडत नाही" असा निकाल लागतो.

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी, ही बोलण्यातून आणि सरावातून करायची मानसोपचार पद्धत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान यांनी विकसित केली. पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, मूळ ग्रंथ १९९३ चा. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं (ज्यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) निदान झालेल्या स्त्रियांसाठी ती बेतलेली होती. तेव्हाच्या वर्तनोपचारांत सगळा भर बदलावर होता. या स्त्रियांना तो आरोपासारखा लागायचा आणि त्या उपचार सोडून जायच्या. नुसतं समजून घेत बसलं तर त्रास जिथल्या तिथे. लिनेहाननी दोन्ही एकत्र बांधलं: तुझं आत्ताचं वागणं समजण्याजोगं आहे, आणि तरीही ते बदलावं लागेल. स्वीकाराची बाजू त्यांनी झेन साधनेतून घेतली.

यामागचं गृहीतक थोडक्यात असं. काही माणसांच्या भावना लवकर भडकतात, जास्त उंच जातात आणि खाली यायला वेळ घेतात. हा झाला जन्मजात भाग. त्यात "एवढ्यातेवढ्याला काय रडतेस", "नाटकं बंद कर" असं सतत ऐकवणारं वातावरण मिळालं, की आपल्याला नेमकं काय वाटतंय हे ओळखायलाच माणूस शिकत नाही. शिवाय शांतपणे सांगितलेलं कुणी ऐकत नाही, आरडाओरडा केल्यावर मात्र घर धावून येतं. म्हणजे टोकाला जाणं घरच शिकवतं, अजाणता. जन्मजात भाग आणि वातावरण एकमेकांना वाढवत नेतात, म्हणून एकट्या आईबापांना दोषी धरण्यात अर्थ नाही.

पूर्ण डीबीटीचे चार भाग असतात. आठवड्यातून एकदा वैयक्तिक सत्र, साधारण तासाभराचं. आठवड्यातून एकदा कौशल्यवर्ग, दोन ते अडीच तासांचा. मधल्या दिवसांत फोनवर मार्गदर्शन. आणि थेरपिस्ट मंडळींची आपापसातली साप्ताहिक बैठक. या चौथ्या भागाकडे पेशंटचं लक्षच जात नाही, कारण तो त्यांना दिसत नाही. पण अशा कामात थेरपिस्ट एकतर थकून कडक होतो किंवा घाबरून सगळ्याला हो म्हणू लागतो. त्याला ताळ्यावर ठेवणारं कुणी नसेल तर बाकीचे तीन भाग काही महिन्यांत ढिले पडतात.

कौशल्यवर्ग हा ग्रुप थेरपी नाही, तो वर्गच आहे. पुढे दोन शिक्षक, फळा, हँडआउट. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) सराव, मग पहिला अर्धा भाग गेल्या आठवड्याच्या गृहपाठाचा, चहापाणी, मग नवं कौशल्य. कुणी स्वतःला काय केलं याचं वर्णन तिथे करायचं नसतं. सजगता, त्रास सहन करणं, भावनांचं नियमन आणि नात्यांमधली परिणामकारकता, असे चार गट. सजगतेची दोन आठवड्यांची उजळणी दर गटाच्या आधी येते. सगळं मिळून साधारण २४ आठवडे, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्यांदा, म्हणजे वर्ष. दुसऱ्या फेरीला "हे झालंय आमचं" म्हणणारे बरेच असतात. पहिल्या फेरीत माणूस कौशल्य ओळखायला शिकतो, वापरायला दुसऱ्या फेरीत.

हजेरीचा नियम कडक आहे: सलग चार वैयक्तिक सत्रं किंवा सलग चार वर्ग बुडाले, की सुरुवातीला ठरलेल्या उपचाराच्या कराराची मुदत संपेपर्यंत उपचार बंद. कारण विचारत नाहीत. सलग तीन चुकली असतील तर चौथ्याला ओढून आणण्यासाठी थेरपिस्ट जिवाचा आटापिटा करतो, हीसुद्धा त्या नियमाचीच दुसरी बाजू.

आता कळीचा कागद, डायरी कार्ड. रोज एक ओळ. ऊर्मी (स्वतःला इजा करावीशी वाटणं वगैरे) ० ते ५, भावना ० ते ५, औषधं घेतली का, आणि कौशल्यांना ० ते ७. या शेवटच्या पट्टीत लोक हमखास गोंधळतात. ० म्हणजे आठवलंही नाही. १ आठवलं पण करायचंच नव्हतं, २ करावंसं वाटलं पण केलं नाही, ३ प्रयत्न केला पण जमलं नाही, ४ जमलं पण फायदा झाला नाही, ५ जमलं आणि फायदा झाला. ६ आणि ७ म्हणजे आपसूक झालं, अनुक्रमे फायद्याविना आणि फायद्यासकट. थेरपिस्टला ३ आणि ४ यांतला फरक हवा असतो. ३ असेल तर कौशल्य पुन्हा शिकवायचं, ४ असेल तर कौशल्याची निवड चुकली असावी. रोज रात्री ठरलेल्या वेळी, पाच मिनिटांच्या आत भरायचं. सत्राला येताना रिक्षात बसून सातही दिवस भरले तर सगळीकडे ३ दिसतात आणि कागदाला अर्थ उरत नाही. कार्ड आणलंच नाही तर सत्रात बसून भरायचं. त्यात पंधरा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत.

ओवी

छान मांडलंय. एक विचारते: कार्डावर पंधरावीस कौशल्यांची नावं असतात. ऐन वेळी कोणतं काढायचं हे कसं ठरवायचं? ग्रुपमध्ये नवीन असलेल्यांचा इथेच गोंधळ उडतो.

निशिगंध

त्रास शंभरपैकी किती, हे आधी विचारायचं. साधारण सत्तरच्या वर असेल तर विचार करायला लावणारं कोणतंही कौशल्य हातात घेऊ नये, कारण त्या घटकेला तेवढं डोकं जागेवर नसतं. दूध उतू जाताना गॅस बंद करतात, दूध कितीचं होतं याचा हिशेब मांडत नाहीत. तिथे शरीरावर काम करणारी टिप कौशल्यं (डीबीटीतली अशी नावं इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेली): तापमान, जोराचा व्यायाम, संथ श्वास, श्वासासोबत स्नायू सैल सोडणं. त्याच्याही आधी स्टॉप, म्हणजे थांबायचं, एक पाऊल मागे यायचं, निरीक्षण करायचं, मग जपून पुढे. "एक पाऊल मागे" हे खरोखरचं पाऊल असलेलं उत्तम: खोलीबाहेर, गॅलरीत, निदान फोन उलटा ठेवून.

चाळीस ते सत्तरमध्ये लक्ष वळवणं, पाच इंद्रियांनी स्वतःला शांत करणं, फायद्यातोट्याची चौकट. चाळीसच्या खाली आलात की मग तथ्यं तपासणं, उलट कृती, प्रश्न सोडवणं. हे आकडे वेदवाक्य नव्हेत, प्रत्येकाचा ढळण्याचा बिंदू वेगळा असतो आणि तो डायरी कार्डातून दोनेक महिन्यांत कळतो.

फायद्यातोट्याची चौकट मात्र शांत असतानाच भरून ठेवायची. चार खाने: ऊर्मीप्रमाणे वागण्याचे फायदे, त्याचे तोटे, ऊर्मी रोखण्याचे फायदे, त्याचे तोटे. पहिला खाना रिकामा ठेवणारे सज्जन पुष्कळ असतात. तो प्रामाणिकपणे भरा: लगेच मोकळं वाटतं, कुणीतरी लक्ष देतं, शिक्षा झाल्यासारखं वाटतं, जे असेल ते. तो खाना कोरा असेल तर ऐन वेळी त्या कागदावर विश्वास बसत नाही. फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

स्टेथोस्कोप

गार पाण्याबद्दल वैद्यकीय बाजू, कारण सगळ्यांत जास्त आंधळेपणाने हेच केलं जातं.

श्वास रोखून चेहरा गार पाण्यात गेला की पाण्यात बुडी मारल्यावरचं प्रतिक्षिप्त तंत्र चालू होतं: चेहऱ्याच्या नसेकडून संदेश जातो, व्हेगस नस कामाला लागते, हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे नुसतं तोंडावर पाणी मारून काम होत नाही. पसरट पातेलं किंवा घमेलं, त्यात डोळे, कपाळाच्या कडा आणि गाल बुडतील इतकं पाणी, कमरेत वाकून, श्वास रोखून अर्ध्या मिनिटापर्यंत. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली नको. नळाच्या पाण्यात फ्रीजची बाटली ओतली तरी पुरे, पातेलंभर बर्फ लागत नाही. घरात सगळ्यांसमोर पातेलं घेऊन बसणं शक्य नसेल तर झिपच्या पिशवीत गार पाणी, तिला पातळ रुमाल, आणि ती डोळ्यांवर-गालांवर धरून वाकायचं, श्वास रोखून.

ठोके खाली येतात, म्हणूनच हृदयविकार, मुळात मंद नाडी, अनोरेक्सिया किंवा बुलिमिया (खाण्याचे विकार) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांनीही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण छातीतल्या धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल आपल्याकडे सर्रास दिलं जातं आणि आपण बीटा ब्लॉकर घेतोय हे पेशंटला ठाऊक नसतं. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा.

परिणाम काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत पुढचं कौशल्य लावलं नाही तर त्रास परत वर येतो. रील तिथे संपते, म्हणून "तिसऱ्यांदा चालत नाही".

संथ श्वासात सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं: पाच मोजत आत, सात मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला पाच. ज्यांना श्वासाकडे लक्ष गेल्यावरच गुदमरतं त्यांनी तीन-पाचवर सुरुवात करावी, किंवा हा भाग सोडून जिन्याचे चार मजले भराभर चढावेत. राग आणि अस्वस्थतेत दहा-वीस मिनिटांचा दमवणारा व्यायाम श्वासापेक्षा बरा लागू पडतो. गुडघे किंवा हृदय साथ देत नसेल तर अर्थातच नाही.

तळटीप

साखळी विश्लेषणावर, म्हणजे एखादं नकोसं वागणं कसं घडलं ते कडीकडीने उलगडण्यावर, कुणीच लिहिलं नाही अजून? माझ्या मते वैयक्तिक सत्राचा कणा तोच. एक कल्पित नमुना घेऊ.

समस्या-वर्तन: शनिवारी रात्री दहा ते पावणेबाराच्या दरम्यान मित्राला चाळीसेक मेसेज, शेवटी शिवीगाळ करून ब्लॉक. इतकं काटेकोर लिहायचं. "माझा तोल गेला" हे वर्तन नव्हे. कॅमेऱ्यात काय दिसलं असतं ते लिहा.

त्या दिवशी आधीच कच्चे दुवे कोणते? आदल्या रात्री साडेचार तास झोप, उपास म्हणून दुपारी फक्त चहा. ठिणगी: सव्वानऊला निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. मग एकेक कडी. विचार: "मी त्याला नकोशी झालेय." छातीत आवळणं. लाज ३, भीती ४. जुने मेसेज उघडून वाचले, लाज ५. पहिला मेसेज गेला. उत्तर नाही. विचार: "आता गप्प बसले तर संपलंच." दुसरा, तिसरा. परिणाम: पावणेबाराला ब्लॉक केल्यावर क्षणभर हलकं वाटलं. बाराला त्याचा काळजीने दुसऱ्या नंबरवरून फोन आला, अर्धा तास बोलला. रविवारपासून त्याने तिला म्यूट केलं.

बाराच्या फोनकडे बघा. नेमकं त्याच वागण्याला बक्षीस मिळालं, तेही ज्याला ते वागणं सर्वांत नकोसं होतं त्याच्याकडून. परिणामांचा रकाना गाळला तर हे दिसतच नाही, आणि लोक तोच गाळतात, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर सत्राची वेळ संपते.

मग प्रत्येक कडीसमोर "इथे काय करता आलं असतं". सव्वानऊला तथ्यं तपासणं: निळ्या खुणांचे आणखी किती अर्थ निघतात? जुने मेसेज उघडण्याच्या कडीला स्टॉप. लाज ५ झाल्यावर टिप, मेसेज नाही. दुपारच्या चहाच्या जागी खाणं. शेवटी भरपाई: त्याला एकच, मोजकं, स्पष्टीकरणाचं ओझं न टाकणारं माफीपत्र. सगळ्या कड्या तोडायच्या नसतात. दोन निवडायच्या, शक्यतो सुरुवातीच्या, आणि सत्रातच त्यांची रंगीत तालीम करायची. तालमीशिवाय सुचवलेला उपाय घरी पोचत नाही.

हे बिघडतं कुठे? एक, उलटतपासणी होते. थेरपिस्टचा सूर "असं का केलंस" असा आला की पेशंट कड्या लपवतो. दोन, चारपाच दिवसांनी केलं तर मधल्या कड्या पुसलेल्या असतात, म्हणून त्याच रात्री कार्डाच्या मागे दोन ओळी खरडून ठेवणं चांगलं. तीन, पेशंटला ती शिक्षा वाटू लागते. उद्धटपणाबद्दल शंभर ओळी लिहून आणण्यासारखी.

गृहपाठ झाला नसेल तर एवढं मोठं विश्लेषण नको. चार प्रश्न पुरतात: काय करायचं होतं हे माहीत होतं का? करायची तयारी होती का? वेळेवर आठवलं का? आठवूनही लगेच का झालं नाही? पहिलं "नाही" जिथे येतं, काम तिथे.

सह्यवारा

उपासाचा उल्लेख बरोबर जागी आला. शरीराची काळजी घेण्याचं "प्लीज" कौशल्य सगळ्यांना फार बाळबोध वाटतं: आजारावर उपचार, वेळेवर खाणं, नशेचे पदार्थ टाळणं, झोप, व्यायाम. पण कडक उपास अधिक जागरण, म्हणजे नवरात्र किंवा हरतालिका, हा भावनिक दुबळेपणा वाढवण्याचा हुकमी मार्ग आहे. उपास सोडायला सांगायची गरज नाही. निर्जळीऐवजी फलाहार, दर तीनचार तासांनी काहीतरी पोटात, आणि त्या दिवशी घरातला जुना वाद उकरून काढायचा नाही, इतकं आधी ठरवता येतं.

उलट कृतीबद्दल थोडं. पायऱ्या अशा: भावनेचं नाव घ्या, ती तथ्यांना धरून आहे का ते तपासा, तिच्या ऊर्मीप्रमाणे वागून फायदा आहे का ते बघा, दोन्हींपैकी एकाचं उत्तर "नाही" आलं तर ऊर्मीच्या उलट वागा, पूर्णपणे, आणि भावना उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. भीतीत जवळ जायचं. उदासीत उठून कामाला लागायचं. रागात हलकेच बाजूला व्हायचं. लाज तथ्याला धरून नसेल तर जे लपवावंसं वाटतं ते विश्वासाच्या माणसाला मान वर करून सांगायचं.

फसतं ते "पूर्णपणे" या शब्दावर. लग्नाला गेले, पण कोपऱ्यात खुर्ची धरून फोनमध्ये डोकं घालून बसले, तर ती उलट कृती नव्हे. शरीर अजून पळतंच आहे. खांदे, आवाज, नजर, सगळं उलटं हवं.

ओवी

आणि भावना तथ्याला धरून असेल तर? नवरा खरंच हात उगारत असेल तर?

सह्यवारा

तर उलट कृती करायचीच नाही. तिथे भीती बरोबर सांगतेय. तिथे प्रश्न सोडवणं लागतं: सुरक्षित जागा, विश्वासू माणूस, महिला हेल्पलाइन १८१, कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी.

हाच दोष "संपूर्ण स्वीकार" या कौशल्याच्या वापरात फार दिसतो. स्वीकार म्हणजे "हे घडलंय आणि घडतंय" हे नाकारणं थांबवणं. त्यात पसंती नाही आणि "सहन कर" तर नाहीच. किंबहुना "हा मारतो आणि तो बदलेल या आशेवर माझी सहा वर्षं गेली" हे स्वीकारल्यावरच पिशवी भरायला घेता येते. नातेवाइकांनी सोयीस्कर अर्थ काढून सुनेला ऐकवण्यासाठी हे कौशल्य नाही.

पाणकणीस

नात्यांच्या गटावर मी लिहिते. "डिअर मॅन" सगळ्यांना पाठ असतं: वर्णन, भावना, मागणी, समोरच्याचा फायदा, आणि हे करताना मुद्द्याला चिकटून राहणं, आत्मविश्वास दाखवणं, वाटाघाटीची तयारी. पण त्याच्या आधी एक प्रश्न असतो तो गाळला जातो: या बोलण्यातून मला सर्वांत जास्त काय हवंय? मागितलेली गोष्ट, नातं, की स्वतःचा मान? तिन्हींचा क्रम ठरवल्याशिवाय तोंड उघडू नये.

नमुना. सव्वीस वर्षांचा मुलगा, वन बीएचके, ऑनलाइन वर्ग.

"बाबा, बुधवारी सात ते नऊ माझा वर्ग असतो. मागच्या दोन्ही बुधवारी मध्येच कुणीतरी आत आलं. मग मला अवघडल्यासारखं होतं आणि मी बोलायचाच थांबतो. बुधवारी ते दोन तास बेडरूमचं दार बंद ठेवू द्या. सव्वानऊला मी सगळ्यांबरोबर जेवायला येतो."

"आमच्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. तरी ते दोन तास दार बंद हवं."

"आणि तुझ्या आईला कपाटातलं काही लागलं तर?"

"सातच्या आधी काढून घेऊ. आठला पंधरा मिनिटं चहाची सुट्टी असते, तेव्हाही चालेल. पण वर्ग चालू असताना दार बंद."

एवढंच. तिसऱ्या वेळी स्वर तोच, वाक्य जवळपास तेच. "तुम्ही नेहमीच असं करता" आलं की बाबांना दाराबद्दल बोलायची गरज उरत नाही, ते "नेहमीच" वर बोलतात. आपल्याकडे आणखी एक गडबड: लोक "मी काय म्हणत होतो, म्हणजे जमलं तर, नाही जमलं तरी चालेल" असं मागतात, नकार येतो, आणि आठ दिवसांनी स्फोट होतो. मागण्याचा जोर एक ते दहामध्ये किती ठेवायचा हे आधी ठरवावं. माझा हक्क आहे का, समोरच्याला ते देणं शक्य आहे का, वेळ बरी आहे का, मी त्यांच्यासाठी काय करतो, यांची उत्तरं जितकी "हो" तितका जोर जास्त.

घरच्यांसाठी: दखल घेणं म्हणजे होकार देणं नव्हे. "तुला राग आला हे कळतंय, मीही चिडले असते. ताट फेकणं चालणार नाही." दोन स्वतंत्र वाक्यं, मध्ये "पण" नको, "पण" म्हटलं की पहिलं वाक्य पुसलं जातं. दखलेची सर्वांत खालची पायरी फोन बाजूला ठेवून ऐकणं ही आहे आणि बहुतेक घरांत तिथूनच सुरुवात करावी लागते. किशोरवयीन मुलांच्या डीबीटीत पालकही वर्गाला बसतात आणि "मधला मार्ग" नावाचा पाचवा गट असतो, तो याचसाठी.

आकडेमोड

कौतुक पुरे, जरा पुरावा बघू.

२००६ मध्ये सुमारे शंभर स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तुलना अनुभवी थेरपिस्टच्या इतर उपचारांशी. डीबीटीच्या गटात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्मं होतं. चांगलं आहे. पण २००९ मध्ये टोरांटोत १८० पेशंटांवर डीबीटी आणि नीट आखलेले सर्वसाधारण मनोविकार उपचार यांची वर्षभर तुलना झाली, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे जवळपास डीबीटी मिळत नसेल तर हातपाय गाळायचं कारण नाही. या विकाराची जाण असलेला, नियमित भेटणारा, संकटाचा आराखडा आधीच ठरवणारा डॉक्टरही काम करतो.

२०१५ मध्ये लिनेहान यांच्याच गटाने भाग सुटे करून पाहिले. आत्महत्येच्या प्रयत्नांवर सगळ्या गटांत सारखाच फरक पडला, पण स्वतःला इजा करणं, नैराश्य आणि चिंता यांत कौशल्यवर्ग असलेले गट उपचाराच्या वर्षात पुढे राहिले. २०२२ ला कॅनडातल्या २४० जणांच्या चाचणीत सहा महिन्यांची डीबीटी वर्षभराच्या डीबीटीपेक्षा कमी पडली नाही. तेव्हा निशिगंध, "वापरायला दुसऱ्या फेरीत" हे जरा सैल करायला हरकत नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात शाळेतल्या सरसकट सगळ्या मुलांना आठ तासिकांत डीबीटीची कौशल्यं शिकवली; २०२३ मध्ये निष्कर्ष आला की काही बाबतींत मुलं उलट थोडी बिघडली, आणि घरी सराव जवळपास कुणी केलाच नव्हता. ज्याला गरज नाही त्याला, सरावाशिवाय, यादी पाठ करायला लावून काय होतं याचा हा नमुना.

निशिगंध

सहा महिन्यांचा मुद्दा मान्य. फक्त त्या सहा महिन्यांतही वैयक्तिक सत्र, वर्ग, फोन, बैठक हे चारही भाग होते. आपल्याकडे "शॉर्ट डीबीटी" म्हणून आठ रविवारचे वेबिनार विकतात, ते यात धरू नका.

वाटाड्या

सजगता म्हणजे विपश्यनाच ना? मग इगतपुरीला दहा दिवस जाऊन आलं तर पहिला गट झाला म्हणायचं का?

सह्यवारा

नाही. दहा दिवसांचं मौन आणि दिवसाला दहाएक तास बैठक हे तीव्र भावनिक त्रासात असलेल्या माणसाला झेपेलच असं नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येण्याबाबत सावधगिरीची सूचना खुद्द शिबिराच्या नियमावलीत असते. डीबीटीतला सराव दोन-तीन मिनिटांचा, डोळे उघडे ठेवून, कामाच्या मधोमध करायचा. भांडी घासताना फक्त भांडी घासायची. लक्ष गेलं की परत आणायचं. बस.

त्यातलं "वर्णन" हे रोजच्या जगण्यात सर्वांत उपयोगी. "सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला" हा निष्कर्ष आहे. "त्या म्हणाल्या, भाजीत मीठ नाही, दोघं हसले, माझे कान तापले" हे वर्णन. पहिल्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर काम करता येतं.

पाणकणीस

फोनच्या मार्गदर्शनाबद्दल गैरसमज फार, म्हणून लिहिते. तो गप्पा मारायचा फोन नव्हे. पाच-दहा मिनिटं, तीन प्रश्न: आता काय चाललंय, काय काय करून पाहिलं, पुढचं कोणतं कौशल्य लावायचं. फोन इजा करण्याच्या आधी करायचा. इजा झाल्यावर पुढचे २४ तास असा फोन मिळत नाही. जीव धोक्यात असेल तर मदत अर्थातच होते, आणि ठरलेलं सत्र होतंच. हा नियम ऐकून घरच्यांना राग येतो. कारण वरच्या साखळीत आहे: बाराचा फोन. आधी केलेल्या फोनला प्रतिसाद आणि नंतरच्या फोनला नाही, हे काही आठवड्यांत शरीरात मुरतं.

तळटीप

शेवटी शोधायचं कसं, कारण व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) तेच विचारतायत.

"समुपदेशक" ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी मागा. क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. मग फोनवर सरळ विचारा: डायरी कार्ड वापरता का? कौशल्यवर्ग वेगळा आहे का, किती आठवड्यांचा? सत्रांच्या मधे फोन चालतो का, कोणत्या वेळेत? तुमची स्वतःची साप्ताहिक बैठक आहे का? रात्री दोन वाजता काही झालं तर काय करायचं हे लिहून देता का? चारही भाग नसतील आणि समोरचा "आम्ही डीबीटीची कौशल्यं वापरतो, पूर्ण डीबीटी नाही" असं मोकळेपणाने सांगत असेल तर तो माणूस भरवशाचा. पाचही प्रश्नांना "हो हो, सगळं आहे" आलं तर कार्डाचा कोरा नमुना दाखवायला सांगा.

बॉर्डरलाइनवर खास मंजूर झालेली गोळी नाही, त्यामुळे पहिल्या भेटीतच चारपाच औषधं लिहून मिळाली तर प्रत्येक कशासाठी ते विचारा. सोबतचं नैराश्य, झोप, व्यसन यांवर औषधं लागतात, तीही मनानं बंद करू नका.

सारखे सगळं आवरून धरणारे, कुणाला काही न दाखवणारे, परफेक्शनमध्ये अडकलेले लोक असतात, त्यांना ही डीबीटी फारशी लागू नाही. त्यांच्यासाठी थॉमस लिंच यांची आरओ-डीबीटी (रॅडिकली ओपन डीबीटी) वेगळी आहे. दोन्हींच्या नावात साम्य असल्याने लोक चुकीच्या वर्गात जाऊन बसतात.

आत्ता, या क्षणी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर धागा वाचत बसू नका. टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरू नका.

ओवी

ऑनलाइन वर्गासाठी एक: इअरफोन वायरचा असेल तर बरा, ब्लूटूथ ऐन गृहपाठाच्या वेळी बाहेरच्या स्पीकरला जोडलं जातं. आणि कार्ड ॲपपेक्षा कागदावर ठेवलेलं बरं की वाईट?

निशिगंध

घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर पासवर्डचं ॲप. नाहीतर कागद. थेरपिस्टसमोर टेबलावर सात ओळी एकत्र दिसतात तेव्हा बुधवार-गुरुवारची उडी लगेच डोळ्यांत भरते. फोनच्या पडद्यावर ती शोधावी लागते.